कॉलेजची फी आषाढात येते

मैत्रिणींनो, लग्नाच्या खर्चाची यादी करायला सांगितलं, तर आपल्यापैकी कोणीही ती डोळे मिटून करून देईल. मांडव, वाजंत्री, मानपान, आहेर, रुखवत, व्याह्यांची उठबस... मुलगी पाचवीत असते तेव्हाच आपण तिच्या नावानं भिशी लावतो आणि दर दिवाळीला ग्रॅम-दोन ग्रॅम सोनं घेऊन ठेवतो. पण 'बारावीनंतर मुलांना शिकवायला नेमका किती पैसा लागेल आणि तो कोणत्या महिन्यात लागेल?' असं कोणी विचारलं तर? "बघू, तेव्हाचं तेव्हा!" हेच ना आपलं उत्तर? दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझंही तेच होतं.

आमचं गाव रनाळे. नंदुरबारहून दोंडाईच्याकडे निघालात की वाटेत लागतं. घरची शेती, विहिरीचं जेमतेम पाणी, त्यावर कापूस आणि मिरची. मी बी. ए. झालेली. बी. एड्. करायचं मनात होतं, पण वडिलांनी चौकशी केली, आकडा ऐकला आणि घरी येऊन नुसतं "पाहू पुढच्या वर्षी" म्हणाले. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. आता गावाजवळच्या शाळेत तासांवर मराठी शिकवते. जितके तास तितके पैसे. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आमची थोरली २०२४ साली बारावी झाली आणि सीईटीच्या गुणांवर तिला इंजिनिअरिंगला जागा मिळाली. नेमक्या त्याच जुलैच्या ८ तारखेला राज्य सरकारचा निर्णय निघाला. ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ! तोपर्यंत निम्मं माफ होतं. यांनी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. मी पेढे आणले. सासूबाई "पोरीले इतलं शिकाडीसन काय करशी?" असं वर्षभर म्हणत होत्या. त्यासुद्धा "फुकट शे ते शिकू द्या" म्हणून मोकळ्या झाल्या.

आणि आठ दिवसांनी कॉलेजची यादी हाती आली.

शिक्षण शुल्कापुढे शून्य होतं, ते खरंच. पण त्याखाली विकास शुल्क होतं, अनामत रक्कम होती, वसतिगृहाचं सहा महिन्यांचं भाडं एकदम होतं, खाणावळीचे दोन महिने आगाऊ होते. शिवाय गादी, बादली, ड्रॉइंगचं सामान, दोन जोड कपडे, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांकडे होता म्हणून लॅपटॉप. बेरीज गेली एक लाख चार हजारांवर. ते दिवस कोणते? आषाढाचे. पेरणी नुकतीच आटोपलेली, बियाणं आणि खत घेऊन खिसा रिकामा, कपाशी वीतभर आणि मिरचीची रोपं अजून लागायची. माझ्या तासांचे पैसे एप्रिलनंतर आलेलेच नव्हते.

"सोय आहे," एवढंच हे म्हणाले. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं, आणि न विचारण्यात मलाही थोडी सुटका वाटली, हे आज कबूल करते.

ती सोय काय होती, ते मला डिसेंबरात कळलं. मिरची विकून आल्यावर पट्टी माझ्या हाती पडली, तर तिच्यात उचल कापलेली. सत्तर हजारांची उचल, महिना तीन टक्क्यांनी, पाच महिने. नुसतं व्याजच साडेदहा हजार! मी शिक्षिका, त्यामुळे हिशेब लगेच डोक्यात चालू झाला. पोरीच्या खाणावळीचे महिन्याला साडेतीन हजार. म्हणजे तिचं तीन महिन्यांचं जेवण आम्ही व्याजात घातलं.

पण त्याहून वाईट गोष्ट आधीच, दिवाळीत, समोर आली होती. थोरली सुट्टीला आली ती वाळून. मला वाटलं, नवीन पाणी, अभ्यास, जागरण. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीची आई बोलता बोलता म्हणून गेली, "तुमचीनं खाणावळ एकवेळचीच लावलीय ना? संध्याकाळचं काय खाते हो ती?" मी गप्पच झाले. घरी विचारलं तर म्हणते, "आई, मला रात्री भूकच नसते." खूप खोदल्यावर कळलं की प्रवेशाच्या वेळी तिनं नानांचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं.

म्हणजे बघा, नवऱ्यानं मला सांगितलं नाही, मला काळजी नको म्हणून. मी त्यांना विचारलं नाही, त्यांना लाज वाटायला नको म्हणून. पोरीनं आम्हा दोघांना सांगितलं नाही. तिघंही एकमेकांना जपत होतो, आणि त्याची किंमत एक पोर रात्री उपाशी झोपून देत होती.

त्या दिवाळीनंतर मी दोनशे पानी वही आणली. तिच्यात वर्षभर जे लिहीत गेले, चुकत गेले, तेच आज तुमच्यापुढे ठेवते. तुमची मुलं आज आठवी-नववीत असतील, तर तुमच्या हाती अजून वेळ आहे.

फी हा खर्चाचा छोटा तुकडा

'शिक्षणाचा खर्च' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फी येते. गावाबाहेर शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत ते खरं नाही. माझ्या वहीत तीन रकाने आहेत. पहिला, कॉलेजात भरायचे पैसे. दुसरा, राहणं आणि खाणं. तिसरा मी 'एकदाच' असा लिहिलाय. लॅपटॉप, गादी, अनामत हे त्यात. आमच्याकडे दुसरा रकाना सगळ्यांत जड निघाला. खोली आणि जेवण मिळून महिन्याला सहा हजार धरले, तर दहा महिन्यांचे साठ हजार, आणि चार वर्षांचे दोन लाख चाळीस हजार. यात एस. टी. आणि रेल्वेचं भाडं नाही, आजारपण नाही, मैत्रिणीच्या वाढदिवसाची वर्गणीही नाही. (ती असतेच. नाही म्हणून मुलीला अवघडवू नये.)

आणि हे आजचे भाव. मुलगा आठवीत असेल तर त्याच्या कॉलेजापर्यंत ते वाढणारच. एक सोपा आडाखा सांगते. ७२ ला महागाईच्या टक्क्यानं भागा. सहा टक्के धरली तर १२ वर्षांत भाव दुप्पट. आजचे वर्षाचे साठ हजार सहा वर्षांनी पंचाऐंशी हजारांच्या घरात जातात.

पैसा कधी लागतो?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो मला कोणत्याही माहितीपुस्तकात सापडला नाही. नोकरदार घरात दर एक तारखेला पगार येतो, तेव्हा जुलै काय आणि जानेवारी काय! पण आपल्या खानदेशातल्या कितीतरी घरांत पैसा दिवाळीनंतर येतो. कापूस फुटला, मिरची नंदुरबारच्या बाजारात गेली, की डिसेंबर ते मार्च घरात हालचाल असते. आणि कॉलेज पैसे मागतं जून ते ऑगस्ट, जेव्हा सगळा पैसा जमिनीत असतो. उचल, हातउसने, सावकार या सगळ्यांचं मूळ तिथं आहे. आमच्याकडे पैसा नव्हता असं नाही. त्या महिन्यात नव्हता.

तेव्हा यावर मी काय केलं? मिरचीचे पैसे आले की घरखर्चाआधी एक वाटा बाजूला काढून बँकेत मुदत ठेव करायची, आणि मुदत अशी निवडायची की ठेव जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुटेल. चार-पाच महिन्यांच्या ठेवीला व्याज फार मिळत नाही, कबूल. पण तीन टक्के महिन्याची उचल टळते, तीच आपली कमाई. माझ्या तासांच्या पैशांतून महिना एक हजार पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकते, ते धाकट्यासाठी. पाच वर्षांत साठ हजार भरले जातात आणि आजच्या ६.७ टक्के दरानं साधारण एकाहत्तर हजार हाती येतात. आमचे 'हे' म्हणाले, "एवढ्यानं काय होणार?" मी म्हटलं, "पहिला आषाढ निघेल."

भिशीबद्दल विचाराल तर मी भिशीत आहे, आणि राहीन. चार बायका भेटतात, चहा होतो. पण शिक्षणाचा पैसा भिशीत ठेवू नये. चिठ्ठी कधी लागेल ते आपल्या हातात नाही, आणि एखादीनं मधेच हात वर केले तर भांडायचं कुणाशी?

ज्यांच्या मुली अजून दहा वर्षांच्या आत आहेत, त्यांच्यासाठी २०१५ साली सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना चांगली आहे. वर्षाला किमान अडीचशे रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, आणि व्याज पोस्टाच्या इतर ठेवींपेक्षा बरं. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. खातं पुरं होतं ते उघडल्यापासून २१ वर्षांनी, मुलीच्या एकविसाव्या वर्षी नव्हे. मुलगी नऊ वर्षांची असताना उघडलंत तर ती तिशीला येईल तेव्हा! शिक्षणासाठी दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर पैसे काढता येतात, पण आदल्या वर्षाच्या अखेरीस जी शिल्लक असेल तिच्या निम्म्यापर्यंतच. म्हणून जितक्या लहानपणी उघडाल तितकं बरं, आणि सगळा भार त्या एका खात्यावर टाकू नका.

'माफ' या शब्दाच्या आत

फी-माफीची बातमी ऐकून पेढे वाटायला हरकत नाही, पण आधी दोन गोष्टी पाहा. पहिली मी वर सांगितलीच. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, बाकीचं नाही. दुसरी अधिक मोठी आहे. ही सवलत सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून, ज्याला मुलं 'कॅप राउंड' म्हणतात, त्यातून मिळालेल्या जागेलाच आहे. व्यवस्थापनाच्या किंवा संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली तर नाही. खाजगी अभिमत विद्यापीठांना आणि स्वयं-अर्थसहाय्यित विद्यापीठांना नाही. गोड बोलणारा माणूस "ताई, आत्ताच पक्की करून टाका, नंतर मिळणार नाही" म्हणत असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारायचा: "ही जागा कॅपमधली आहे का?" उत्तर फिरवलं की समजून जा. माझ्या ओळखीच्या एका घरात धीर सुटला आणि पहिल्या फेरीनंतर कोट्यातली जागा घेतली. पुढच्या फेरीत पोरीला कॅपमधून तेच मिळालं असतं. चार वर्षांची फी आता ते भरताहेत.

मुलगा असेल तर? खुल्या गटातल्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असेल तर निम्मं शिक्षण शुल्क. आमचा धाकटा मुलगा आहे, त्याच्या पानावर मी निम्मीच माफी धरून चालते. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख.

आता राहण्या-खाण्याचं. ही मदत फार थोड्यांना ठाऊक असते, आणि खरी गरज तिथंच असते. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर प्रश्न सुटला. नाही मिळाली तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता मिळून शहराप्रमाणे रक्कम ठरते. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरातले जवळजवळ सत्तर लोक अनुसूचित जमातींचे. त्या घरांतल्या बहिणींनी नंदुरबार किंवा तळोदा इथल्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात दहावीच्या वर्षीच एक चक्कर मारावी. निकाल लागल्यावर तिथं उभं राहायला जागा नसते.

माझ्या शाळेतल्या मुलींच्या आया मला विचारतात, "बाई, हे पैसे खरंच येतात का हो?" येतात. उशिरा येतात. म्हणूनच पहिला आषाढ आपला आपणच काढायचा असं मी म्हणते. शिष्यवृत्ती मागाहून आली की ती पुढच्या वर्षाच्या ठेवीत टाकायची, फ्रीजमध्ये नाही!

कागदांची पिशवी

प्रत्येक घरात लग्नपत्रिकांची एक पिशवी असते. तशी एक कागदांची करा. ही गंमत नाही. पैशाइतक्याच जागा कागदांवाचून जातात.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला शिळा होतो, हे मला दुसऱ्यांदा हेलपाटा पडल्यावर समजलं. जानेवारीत हौसेनं काढून ठेवला आणि जूनमध्ये तो चालेना. तो एप्रिल-मेमध्येच काढावा. नॉन-क्रीमी लेअर दाखला, अधिवास दाखला हे दहावीनंतरच्या सुट्टीत उरकावेत. सगळ्यांत वेळखाऊ म्हणजे जातवैधता. अर्ज अकरावीतच करायला हवा. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्या घरी तो म्हणजे सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला. आता गंमत ऐका. त्या दाखल्यावर आमचं आडनाव एका अक्षरानं वेगळं! साठ वर्षांपूर्वी कुण्या गुरुजींनी घाईत लिहिलं असेल. त्या एका अक्षरापायी यांनी चार फेऱ्या घातल्या. तेव्हा घरातले जुने दाखले आजच काढून नावं ताडून बघा. आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला, म्हणून हे हेलपाटे नंदुरबारपर्यंतच. माझ्या वडिलांच्या काळी अशा कामाला धुळं गाठावं लागे.

शेवटचं, बँकेचं खातं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर करायचा असतो आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. मुलीची दोन खाती असली तर तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, ज्याला आधार जोडलेलं आहे त्यात जातात. शेजारच्या वहिनी तीन महिने "पैसे आले नाहीत" म्हणून कॉलेजशी भांडत होत्या. पैसे शाळेतल्या जुन्या खात्यात आरामात पडून होते.

कर्जाची भीती आणि कर्जाचा हिशेब

आपल्याकडे शिक्षणाचं कर्ज म्हटलं की सासरे-दीर सगळे नाक मुरडतात. "पोराच्या डोक्यावर कर्ज?" आणि तेच लोक आडत्याची उचल मात्र बिनबोभाट घेतात! सरकारी बँकांत चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. परतफेड शिक्षण संपल्यावर एका वर्षानं सुरू होते. घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम व्यावसायिक किंवा तांत्रिक असेल, तर केंद्राच्या योजनेत त्या सवलतीच्या काळातलं व्याज सरकार भरतं, पण त्यासाठी वेळेवर अर्ज करावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजनाही आहे. निवडक नामांकित संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीन न देता कर्ज, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना सवलतीच्या काळात दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात तीन टक्के सूट.

पण कर्ज घ्यायचं तर डोळे उघडे ठेवून. वहीतला हिशेब देते. समजा, दर वर्षी एक लाख असे चार वर्षांत चार लाख घेतले, दर दहा टक्के. शिकत असताना आणि पुढच्या वर्षी सरळव्याज चढत राहतं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार वर्षांचं, असं करत एक लाख चाळीस हजार. म्हणजे मुलगी नोकरीला लागेल तेव्हा देणं पाच लाख चाळीस हजार. सात वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे नऊ हजार. आता तेच व्याज आपण शिकता शिकता भरत गेलो तर? पहिल्या वर्षी महिन्याला साधारण सव्वाआठशे रुपये, चौथ्या वर्षी तेहेतीसशे. ते जमलं तर तिचा पुढचा हप्ता साडेसहा-पावणेसात हजारांवर येतो, आणि एकूण सुमारे पंचावन्न हजार वाचतात. असं नियमित व्याज भरणाऱ्यांना बऱ्याच बँका दरातही थोडी सूट देतात. बँकेत हे आपणहून कुणी सांगत नाही. विचारावं लागतं.

आणि मुलीला पहिली नोकरी काय पगाराची लागू शकेल, हे कॉलेजच्या रंगीत पत्रकावरून न ठरवता त्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चार मुलींना विचारून ठरवा. हप्ता त्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त होत असेल तर माझ्या मते ते कर्ज घेऊ नये. दुसरं कॉलेज पाहावं, किंवा दुसरी वाट. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नंदुरबारला शासकीय तंत्रनिकेतन आहे. घरचा डबा खाऊन ही तीन वर्षं निघाली, तर दुसऱ्या रकान्यातली केवढी बचत! पण "जवळ आहे म्हणून मुलीला तिथंच घाला, मुलाला मात्र पुण्याला पाठवू" असं करणार असाल, तर हा सल्ला माझ्याकडून ऐकला असं सांगू नका.

पाटल्यांचा प्रश्न

सोनं मोडावं का? हा प्रश्न शेवटी आपल्या हातांपाशी येतोच. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत. त्यांच्या पोटाला कमी पडलं, तेव्हा लक्ष्मीबाईंनी एकेक करून दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. शाळेत हा धडा शिकवताना माझा आवाज दरवेळी जड होतो. पण अलीकडे मला वाटतं, आपण या गोष्टीतलं सोनंच तेवढं उचलतो. लक्ष्मीबाईंना कोठीत किती ज्वारी आहे हे ठाऊक होतं. मुलांचं जेवण त्यांच्याच देखरेखीखाली होतं. त्यांनी दिलं ते सगळं समजून. आणि कर्मवीरांनी मुलांना नुसतं फुकट ठेवलं नाही. 'कमवा आणि शिका' म्हणून त्यांच्या हाताला कामही दिलं. त्याच नावाची योजना आज अनेक विद्यापीठांत आहे. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात रोज काही तास काम आणि त्याचे तासावर पैसे. तशीच पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली, खेड्यातल्या गरजू मुलामुलींची तिथं कमी खर्चात राहण्या-जेवणाची सोय होते. मुलांना स्वावलंबनाची कामं वाटून दिलेली असतात.

मी पाटल्या मोडल्या नाहीत. २०२५ च्या आषाढात ठेव सुटली तरी वीस हजार कमी पडत होते. पाटल्या बँकेत ठेवून सोनेतारण कर्ज घेतलं आणि जानेवारीत सोडवून आणल्या. व्याज लागलं, पण उचलीच्या मानानं किरकोळ. सासूबाईंनी मोकळे हात पाहिले, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी आपल्या हातातल्या दोन चांदीच्या बांगड्या काढून माझ्यापुढे सरकवल्या. "रिकामा हात बरा नाही दिसत वं माय." शिक्षणाबद्दलचं त्यांचं मत मात्र अजून तेच आहे.

मुलांना हिशेबात बसवा

आमच्या वेळी आई-वडील पैशाचं बोलणं मुलं झोपल्यावर करत. मुलं झोपलेली नसत. अर्धवट ऐकलेल्या गोष्टीला मूल आपल्या मनानं शेपूट जोडतं, आणि मग एकवेळची खाणावळ लावतं. म्हणून यंदा आम्ही तिला सुट्टीत समोर बसवलं आणि वही तिच्यापुढे उघडी केली. शेतीचं उत्पन्न, माझे तास, देणं, ठेव, सगळं. हे आधी तयार नव्हते. "पोरीसमोर कशाला?" बापाला ते जड गेलं, ते मी पाहत होते. तिनं सगळं शांतपणे वाचलं आणि विचारलं, "म्हणजे आपण बुडालो नाहीये?" दीड वर्ष पोर तेच मनात घेऊन फिरत होती!

आता ती दर महिन्याच्या पाच तारखेला आपला खर्च फोनवर लिहून पाठवते. मी एकच अट घातलीय. काटकसर वाटेल तिथं कर, जेवणाच्या रकान्यात नाही. खाणावळ दोन वेळची. ग्रंथालयात कमवा-शिकाचं काम धरलंय, त्यातून तिचा येण्याजाण्याचा खर्च निघतो. परीक्षेच्या महिन्यात ते काम सोडायचं, हेही आधीच ठरवलंय. मागच्या महिन्यात एक ओळ होती, 'पाणीपुरी, ६० रुपये, चुकून.' यांनी ती दोनदा वाचली आणि पहिल्यांदाच खळखळून हसले.

धाकटा हे सगळं बघत असतो. तो आठवीत आहे. परवा त्यानं विचारलं, "यात माझं पान कुठंय?" मी कोरं पान काढून दिलं आणि वर तीन रकाने आखून दिले. त्यानं ठळक अक्षरांत आपलं नाव घातलं, थोडा विचार केला, आणि 'एकदाच'च्या रकान्यात पहिलीच ओळ लिहिली: 'गिअरची सायकल'. ती खोडायची की ठेवायची, यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे.